मागच्या सीटवर याकूब

भंडारदऱ्याला जायचं ठरलं ते माझ्या पोटदुखीमुळे. डॉक्टरकडे जावं लागतं ती पोटदुखी नव्हे, दुसऱ्याचं बरं चाललेलं बघून होते ती.

या ब्लॉगवर मी सहसा अलीकडच्या सहली लिहितो. पण मागच्या पोस्टखाली दोघांतिघांनी विचारलं, ऑक्टोबरात भंडारदरा कसा असतो? बरा असतो. सोनकी फुललेली असते, भात कापणीला आलेलं असतं, सकाळी शाल लागते. हे सगळं मला पक्कं माहीत आहे, पण ते ज्या फेरीत कळलं ती सत्तरच्या दशकातली आहे. तेव्हा मी भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होतो. त्यामुळे हे जरा जुनं प्रवासवर्णन समजा. रस्ता आता बदलला आहे, हवा फारशी बदललेली नाही.

मी अंजूरचा. घरची भातशेती, पण खाणारी तोंडं जास्त, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच भिवंडीत याकूबच्या चाच्यांच्या शेडमध्ये चिकटलो. याकूब माझ्याच वयाचा. त्यांची कोकणी मुसलमान मंडळी गावात पिढ्यान्‌पिढ्यांची, लूम त्यांचे, पण याकूबच्या बापाच्या वाट्याला त्यातला फार थोडा हिस्सा. त्यामुळे मालकाचा पुतण्या असूनही तो माझ्या शेजारच्या लूमवर तशीच ड्युटी करायचा. धागा जोडायला आम्ही एकत्र शिकलो आणि लूमच्या आवाजात बोलायलाही एकत्रच शिकलो.

हे बोलणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. वीस-पंचवीस लूम एका पत्र्याखाली चालू असले की शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही. मग माणूस ओठ वाचायला शिकतो. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. या टोकाचा त्या टोकाच्याला विचारतो, डब्यात काय आणलं, आणि तो सांगतो, सुकट. फक्त गुपित बोलायचं असेल तर तोंडावर हात धरायचा, नाहीतर अख्ख्या शेडला कळतं. हात न धरता बोललं ते सगळ्यांचं, असा आमच्याकडे रिवाजच होता.

शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी गाव इतकं शांत व्हायचं की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. बाकी जगाला रविवारी सुट्टी, आम्हाला शुक्रवारी. त्यामुळे आमच्याबरोबर फिरायला आमच्यासारखेच लागायचे. माझा आणि याकूबचा कार्यक्रम ठरलेला असे. त्याची जुम्म्याची नमाज झाली की एस.टी. पकडून वज्रेश्वरी. मी पायऱ्या चढून देवीला जाऊन येईपर्यंत तो खाली गरम भजी संपवायचा. मग गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं आणि आठवडाभर ओठांनी बोललेलं आवाजात परत बोलायचं.

अशात विलास उपटला. ठाण्याचा, बदली होऊन भिवंडीच्या बँकेत आलेला, आणि त्याच्याकडे मोटारसायकल. याकूब पैसे भरायला बँकेत जायचा, तिथे ओळख झाली. आणि हा विलास शुक्रवारी रजा काढायचा! सरळ रविवार सोडून. मागच्या सीटवर याकूब, आणि दोघं भुर्रकन कुठे कुठे. शनिवारी सकाळी चहाच्या टपरीवर मला त्याचा वृत्तांत ऐकावा लागायचा.

"इगतपुरीत धुकं होतं अंत्या, हाताला हात दिसत नव्हता," याकूब सांगायचा. "इथं आपण उकडून निघतोय, आणि तिथं स्वेटर. कसम से."

"मग परत कशाला आलास? ऱ्हायचं होतं तिकडंच."

"तू पण चल ना एकदा."

"कुठं बसू, टाकीवर?"

तो हसायचा. मी चहात बिस्किट बुडवायचो आणि ते नेमकं तुटून तळाशी जायचं. ऑक्टोबरचा उकाडा, पत्र्याखालची ड्युटी, आणि त्यात दुसऱ्याच्या धुक्याच्या बातम्या. मी मनातल्या मनात विलासच्या गाडीचं पेट्रोल संपवत असे.

पुढे एकदा याकूब म्हणाला, "येत्या शुक्रवारी भंडारदरा. मुक्काम करायचा, शनिवारी परत. तू यायचंच. एक जण एस.टी.ने येईल, दोघं गाडीवर. मधे बदली करू." लूमवर जसा बदली कामगार तसा सीटवर बदली माणूस. शनिवारच्या ड्युटीला मी भावाला उभं केलं आणि हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी ठाण्याहून येणाऱ्या नाशिक गाडीत मला खिडकी मिळाली. पडघा गेलं, दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, काही ठिकाणी कापून आडवं टाकलेलं. शहापूर सोडलं, आणि थोड्या वेळाने रस्त्याकडेला झाडाखाली ती ओळखीची मोटारसायकल. मागचं चाक बसलेलं. पंक्चर! मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या आजोबांना शेंगदाणे दिले. गाडी पुढे सरकली तशी मी मान वळवून पाहिलं. दोघं दगडावर बसले होते आणि पोट धरून हसत होते. शेंगदाण्यांची चवच गेली. माझ्याबरोबर याकूबला पंक्चर कधी झालंच नव्हतं, कारण आमच्याकडे चाकच नव्हतं.

कसारा घाट तेव्हा अरुंद होता, ट्रकमागे ट्रक. ड्रायव्हर वळणावर हॉर्न वाजवायचा आणि आतल्या बायका देवाचं नाव घ्यायच्या. घाट चढून गेल्यावर मात्र खिडकीतून आत आलेली हवा वेगळी होती. घामाने चिकटलेला सदरा पाठीपासून सुटला. याकूब सांगायचा ती हवा हीच, हे कळलं आणि पुन्हा जळलो, कारण त्याने ती माझ्याआधी दुसऱ्याबरोबर खाल्ली होती. जाणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून गरम बटाटेवडे जरूर खावेत. मी तीन खाल्ले, रागात.

आम्ही स्टँडवर भेटणार होतो. वेळ होता तेव्हा मी मशीद कुठे आहे विचारून आलो आणि नमाजची वेळही विचारली. गाडीवरचे दोघे आले ते धुळीने भरलेले, पंक्चरच्या गोष्टी सांगत. मी म्हटलं, "याकूब, पळ. डाव्या गल्लीत मशीद हाय, नमाजाची जमात उभी ऱ्हायला आली." तो चपला वाजवत पळाला.

विलास कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे हो, शुक्रवारची नमाज. मला आठवलंच नाही."

"आमाला आठवावं लागत न्हाय," मी म्हणालो. एक गुण मला. मी हिशोब ठेवत होतो.

नमाज झाली, वडे झाले, आणि बदलीची वेळ आली. इथे माझ्या लक्षात आलं की मी किती गाढव आहे. बदली म्हणजे मी गाडीवर आणि याकूब एस.टी.त. गाडी चालवता येत होती फक्त विलासला. म्हणजे मी जाताना एकटा आणि आता विलासच्या पाठीला चिकटून! याकूबबरोबर बसायचा योग कुठल्याच वाटणीत नव्हता. आणि याकूब खुशीत हात हलवत घोटीच्या गाडीत चढला.

घोटीला मुख्य रस्ता सोडून उजवीकडे वळलं की भंडारदऱ्याची वाट. तो पट्टा मी नंतर पुष्कळदा केला, पण पहिल्यांदा जो डोळ्यात भरला तो भरला. डोंगरउतारावर सोनकीचा पिवळा थर, मागे कळसूबाईची रांग, वाटेत भाताच्या गिरण्या, रस्त्यावर वाळत घातलेलं धान्य. वारं असं की डोळ्यांतून पाणी. विलास सारखा मान मागे करून बोलत होता. खाचखळग्यांचा रस्ता, माझा जीव मुठीत.

"याकूब तुझ्याबद्दल फार बोलतो हं," तो ओरडला.

मी म्हटलं, "पुढं बघा."

"वज्रेश्वरीला तुम्ही दोघं जाता ना? मी त्याला किती वेळा म्हटलं, मलाही ने. नाही म्हणतो. म्हणतो, ते आमचं आहे."

मी मागचा दांडा घट्ट धरून बसलो. पण त्यानंतरची सोनकी जास्त पिवळी होती एवढं नक्की.

धरणाखालच्या शेंडी गावात तेव्हा हॉटेलं नव्हती. एका खाणावळवाल्याने त्याच्या पडवीत जागा दिली, गोधड्या दिल्या. जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, लाल मिरचीचा ठेचा आणि वर धरणातल्या माशाचं कालवण. खाणावळीच्या मावशी चुलीजवळून विचारत होत्या, "तुमच्याकडं थंडी न्हाई का अजून?" याकूबने सांगितलं, आमच्याकडे पंख्याची हवासुद्धा गरम येते. मग भिवंडीचा उकाडा, ठाण्याची खाडी, घोटीचं धुकं, कुठे पाऊस कधी गेला, असं हवापाण्याचं बोलणं हात वाळेपर्यंत चाललं. विलास चांगलं बोलायचा, त्याच्या बोलण्याला मावशीही हसल्या. मला वाटलं होतं मावशी तरी माझ्या बाजूच्या असतील.

शनिवारी सकाळी धरणाची भिंत पाहिली आणि रंधा धबधब्याकडे निघालो. एस.टी.ला उशीर होता. विलास म्हणाला, तिघं बसू, इकडे कोण विचारतं. पुढे विलास, मधे याकूब, मागे मी, अर्धा सीटवर आणि अर्धा हवेत. दहा-बारा किलोमीटरचा तो रस्ता संपूच नये असं मला वाटत होतं. याकूबच्या खांद्यावरून मला पुढचं काही दिसत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. तुम्ही गेलात तर असं बसू नका, आता पोलीस विचारतात.

रंधा ऑक्टोबरातही भरलेला असतो. प्रवरा नदी काळ्या कातळातून खाली उडी घेते आणि आवाज असा की छातीत घुमतो. तेव्हा कठडे नव्हते, बेतानेच उभं राहायचं. विलास काहीतरी म्हणाला, आम्हाला ऐकू आलं नाही. तो ओरडला, तरी नाही. याकूबने माझ्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले, "आपली शेड."

मी ओठांनीच शेडच्या मुकादमाबद्दल विचारलं, "जॉबर कुठं हाय?"

"चहाला गेला."

आणि आम्ही दोघं तिथे उभे राहून मनसोक्त बोललो. लूम, चाचा, रात्रीचं कालवण, विलासची टोपी. विलास आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याने खुणेने विचारलं, काय चाललंय? मी खुणेने सांगितलं, काही नाही. त्या सबंध सहलीत, खरं तर त्या सबंध वर्षात, मला तेवढं सुख झालं नव्हतं.

वर रस्त्याला एक बाई पेरू विकत होती. मी खुशीत होतो, म्हटलं, आणतो. पेरू घेतले, तिखटमीठ पुडीत बांधून घेतलं आणि परत उतरायला लागलो. वळणावरून खाली ते दोघं दिसले. विलासचं तोंड धबधब्याकडे, आणि याकूब त्याच्या कानाशी वाकून ओरडत होता. ऐकू येण्याइतका मी जवळ नव्हतोच. पण ओरडणाऱ्याचे ओठ बोलणाऱ्यापेक्षा स्पष्ट वाचता येतात.

"अंत्याला अजून सांगितलं नाही. महिनाअखेर निघायचं. तिकीट आलंय. बहरीनला पोचल्यावर..." पुढे त्याने मान वळवली.

शेडमध्ये असता तर त्याने तोंडावर हात धरला असता. उघड्यावर आल्यावर विसरला. त्याला वाटलं, एवढ्या पाण्यात कोण ऐकतंय.

मी पेरू घेऊन तिथेच बसलो. याकूब जाणार हे तर लागलंच, त्या काळात त्यांच्या मोहल्ल्यातली पोरं आखातात जायला लागली होती. पण त्याहून जास्त लागलं ते हे की विलासला माहीत होतं. चार महिन्यांची ओळख, आणि त्याला आधी. मी त्याच्याबरोबर गाठी मारायला शिकलेला माणूस, आणि मला धबधब्याच्या तोंडून कळतंय. माझ्या अंगाची आग होत होती आणि समोरून थंडगार तुषार येत होते.

खाली गेल्यावर मी पेरू वाटले. परतताना म्हणालो, मी एस.टी.ने जातो. विलास म्हणाला, अरे, आता तुझी पाळी गाडीवर. मी म्हणालो, मला गाडी लागते. याकूबने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी पण एस.टी.ने येतो. विलास, तू हो पुढे."

घोटीला मी पोह्यांची पिशवी घेतली, आईला घोटीचे पोहे आवडायचे. कसारा घाट उतरायला लागलो तेव्हा मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "बहरीन?"

त्याने माझ्या ओठांकडे पुन्हा पाहिलं. मग आवाजात म्हणाला, "वाचलंस तू."

"हात न्हाय धरलास."

"भूल गया." त्याने माझ्या मांडीवरची पोह्यांची पिशवी स्वतःकडे घेतली. "इंग्रजी कागद करायचे होते. ते विलासने केले. म्हणून त्याला माहीत."

"कागद त्याच्याकडं, मग सांगायला मी होतो ना. महिनाअखेर म्हणजे किती दिवस ऱ्हायले? आन मला कवा सांगणार होतास, विमानातनं?"

"त्याला सांगणं सोपं होतं," याकूब म्हणाला. "तो बोलला, वा, छान. तू काय बोलला असतास? जाऊ नको. आणि तू बोलला असतास तर मी गेलो नसतो. घरी पाच बहिणी आहेत अंत्या."

"जाऊ नको," मी म्हणालो.

"बघ."

मी खिडकीकडे तोंड केलं. घाट संपला तसा उकाडा परत आला, सदरा परत पाठीला चिकटला. भिवंडीच्या स्टँडवर विलास आधीच येऊन उभा होता, तीन चहा सांगून. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग याकूबच्या, आणि काही न विचारता चहा पुढे केला. मी तो प्यायलो नाही.

याकूब गेला. विमानतळावर त्याच्या घरचे, मी आणि विलास. परत येताना मला विलासच्या मागे बसावं लागलं, दुसरी सोय नव्हती. या वेळी तो मान मागे करत नव्हता, सरळ रस्त्याकडे बघत होता. पण पुढच्या शुक्रवारी गाव गप्प झालं, आणि मी टपरीवर जाऊन बसलो तर विलास तिथे आधीच बसलेला. त्याला दुसरं कोण होतं भिवंडीत? आणि मला तरी? याकूबची पत्रं यायची, कधी त्याला, कधी मला. आम्ही पाकीट समोर ठेवून तारखा ताडून बघायचो की कोणाला आधी लिहिलं. पुढे फोन आले, तेव्हाही तेच. विलासची बदली झाली, तो पुण्याला स्थायिक झाला. मी शेवटी स्वतःचे दोन लूम टाकले, तेही पुढे विकले. आणि दर ऑक्टोबरला विलासचा फोन असायचा. "इकडे पहाटे गारवा आहे, तिकडे काय?" मी म्हणायचो, "उकडतंय. याकूबचा फोन आला व्हता." तो म्हणायचा, "मला परवाच आला." दोघंही म्हातारे, आणि हे असं.

गेल्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, बहरीनहून याकूबच्या मुलाचा, रफीकचा, फोन आला. पहाटे झोपेतच गेले, म्हणाला. मी उठून खाटेवर बसलो. मग विलासला फोन लावला. त्याने घाबरून विचारलं, "काय रे, इतक्या सकाळी?" मी सांगितलं. मग तो म्हणाला, "मला काहीच माहीत नव्हतं रे," आणि रडायला लागला. मीही रडलो. आणि खोटं कशाला सांगू, त्या रडण्यातसुद्धा मनात कुठेतरी एक गोष्ट नोंदली गेली, की या वेळी मला आधी कळलं.

याकूबच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला रफीक भिवंडीत आला होता. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. बापासारखंच नाक. बोलता बोलता म्हणाला, "चाचा, त्या दिवशी तुमचा फोन आधी लागला नाही. विलास अंकलचा लागला. मी सांगायला लागलो, तर ते रडता रडता बोलले, थांब. पहिले अनंताला सांग. लागेपर्यंत लावत राहा. आणि मला सांगितलंस हे त्याला बोलू नकोस, तो मला फोन करेल तेव्हा मला कळेल."

मी त्याला म्हटलं, बरं केलंस.

भंडारदऱ्याच्या त्या सहलीतून माझ्याकडे काय राहिलं, याचं उत्तर मी इतकी वर्षं याकूब असं देत आलो. आता नीट मोजलं तर राहिला तो विलास. जायला निघालेल्यांनो, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जा, शाल न्या, आणि बरोबर येणाऱ्यांपैकी जो नकोसा वाटेल त्याच्याशी जरा बरं वागा.

त्या दिवशी घरी येऊन मी विलासला फोन लावला. रफीकने सांगितलेलं काही बोललो नाही. विचारलं, "हवा कशी आहे तिकडं?"

"आधी तू सांग," विलास म्हणाला.